फाइल म्हणजे कानस

गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी गाडी करून येतात, यात्रेची तारीख सांगतात आणि या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात. बाहेर फडाच्या नावाचा बोर्ड, त्यावर मुख्य कलावंतांचे फोटो. आत चहा येतो आणि प्रश्न सुरू होतात. यंदा वग कोणता? कलावंत किती? गेल्या वर्षी शेजारच्या गावात खेळ कसा झाला? राहुटीत कोणी ढोलकी वाजवून दाखवत नाही. नाव, फोटो आणि मागच्या खेळांची साक्ष, एवढ्यावर बोलणे पुढे सरकते आणि सुपारी ठरते.

तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या गावाला ही रीत मुरलेली आहे. केलेले काम अनोळखी माणसासमोर थोडक्यात आणि पुराव्यासह मांडायचे, त्याला नोकरीच्या बाजारात आज पोर्टफोलिओ म्हणतात. म्हणजे शब्द नवा असला तरी गोष्ट जुन्नर तालुक्याच्या ओळखीची. गंमत अशी की त्याच नारायणगावच्या एसटी स्टँडवरून चाकणला मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या हातात पोर्टफोलिओ नसतो. त्याच्या हातात असते फाइल.

ही फाइल घराघरात आहे. पारदर्शक कप्प्यांची, कडेला चेन असलेली. पहिल्या कप्प्यात दहावीचे मार्कशीट, मग बारावीचे, मग शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, रहिवासी दाखला, जातीचा दाखला. त्यामागे एमएस-सीआयटी, टायपिंग, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे प्रमाणपत्र आणि शेवटी कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेतले उत्तेजनार्थ बक्षीस. फाइल जपायलाच हवी, कागदपत्रांच्या तपासणीला तिच्यावाचून पान हलत नाही. पण या सगळ्या कागदांतून एकच गोष्ट कळते. हा मुलगा कुठे-कुठे बसला होता आणि त्याला गुण किती पडले. त्याला करता काय येते, हे त्या कप्प्यांत कुठेच नसते. गावच्या डेअरीच्या दूध संकलनाची वही ज्याने एक्सेलमध्ये बसवली आणि ज्याने परीक्षा झाल्यावर संगणकाला हात लावला नाही, त्या दोघांचे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सारखेच दिसते.

फाइलसोबत जोडलेला कागद म्हणजे बायोडाटा. मराठी घरात बायोडाटा हा शब्द आधी लग्नाच्या बाजारातून येतो आणि त्याची सवय नोकरीच्या अर्जातही उतरते. वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, भावंडे, छंद: वाचन, क्रिकेट, संगीत ऐकणे. मामांचे गाव तेवढे राहून जाते. रेझ्युमे त्याहून बरा. त्यात शिक्षण, कौशल्ये, अनुभव एका पानावर येतात. पण रेझ्युमेही शेवटी दावाच करतो. ‘वेल्डिंग येते’, ‘डिझाइन येते’, ‘हिशेब येतो’. पोर्टफोलिओ त्या दाव्याशेजारी केलेली वस्तू आणून ठेवतो.

वर्कशॉपमधले दोन शब्द

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत. तिथे ‘फाइल’ म्हणजे कागदांची पिशवी नव्हे. फाइल म्हणजे कानस. आणि ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे; जॉब म्हणजे प्रशिक्षणार्थ्याने ड्रॉइंग बघून बनवलेला लोखंडाचा तुकडा.

फिटर ट्रेडचा मुलगा माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये आवळतो आणि कानस मारत बसतो. थोडे घासले की तुकडा काढतो, ट्राय स्क्वेअर लावतो आणि खिडकीच्या उजेडाकडे धरतो. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की पृष्ठभाग अजून सपाट नाही, परत व्हाइसमध्ये. माप व्हर्नियर कॅलिपरवर, मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवणाऱ्या. पुढे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे येतात, मेल-फिमेल फिटिंग, मग डोव्हटेल. सांधा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत पंजे काळे झालेले असतात. निदेशक मापे घेतात, गुण देतात, जर्नलवर सही होते. जॉब पेटीत पडतो, किंवा त्याच लोखंडावर पुढच्याचा सराव होतो.

वर्षभरात असे कितीतरी जॉब होतात, आणि मुलगा बाहेर पडतो तो एका मार्कशीटसह. चाकणच्या कारखान्यातला सुपरवायझर त्याला विचारतो, ‘काय काय येतं?’ तो म्हणतो, ‘सगळं येतं, सर.’ त्या डोव्हटेलचा एक फोटो, शेजारी व्हर्नियर, खाली ड्रॉइंगमधले माप आणि प्रत्यक्ष आलेले माप, एवढे मोबाइलमध्ये असते तर ‘सगळं येतं’ म्हणायची वेळ आली नसती. ड्रॉइंगमध्ये २५ मिलिमीटर होते, आले २५.०४, का आले ते कळले, पुढच्या जॉबला सुधारले. या एका ओळीत मुलाला माप घेता येते, चूक ओळखता येते आणि ती लपवायची नसते, या तीन गोष्टी सुपरवायझरला न सांगता कळतात.

अडचण अशी की गावात काम दाखवावे लागत नाही, ते दिसतेच. कोणाचा बांध कोणी घातला, कोणाची मोटार कोणी भरली (गुंडाळली) हे आळीला ठाऊक असते. शिवाय ‘हे मी केले’ असे म्हणणे म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणे, असा संस्कार. पण चाकणच्या गेटवर ती आळी नसते.

कोणी, काय, किती

टिमकी न वाजवता काम सांगायची युक्ती जुन्नरच्याच दगडात सापडते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आणि खोदकामे आहेत आणि त्यांतले दानलेख आजच्या कोणत्याही अर्जापेक्षा आटोपशीर आहेत. एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. कोणी दिले, काय दिले, किती दिले. विशेषणे नाहीत. सुमारे दोन हजार वर्षे त्या नोंदीवर पाऊस पडतो आहे, तरी अर्थ हलला नाही. तिकडे नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, आणि प्रत्येकापुढे आकडा. राणी नागनिकेशी जोडलेला हा लेख अंकलेखनाचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना आजही महत्त्वाचा वाटतो तो त्या आकड्यांमुळे.

पोर्टफोलिओतल्या नोंदीलाही हाच नियम लागतो. ‘मेहनती’, ‘जिद्दी’, ‘टीममध्ये काम करण्याची आवड’ ही विशेषणे कोणालाही लावता येतात, म्हणून ती कोणाचीच ओळख देत नाहीत. ‘आमच्या चार जणांच्या प्रकल्पात सर्किटची जोडणी आणि चाचणी माझ्याकडे होती’ या वाक्यात फुशारकीही नाही आणि संदिग्धताही नाही. गटाने केलेल्या कामात आपला वाटा नेमका कोणता, हे लिहिणे ही सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट.

खोडदची तबकडी

नारायणगावजवळ खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी. ती उभी राहण्याची गोष्टही एका अर्जापासून सुरू होते. १९६१ साली परदेशात काम करणाऱ्या चार तरुण भारतीय शास्त्रज्ञांनी, गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन यांनी, भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करण्याचा प्रस्ताव लिहून इथल्या काही संस्थांना पाठवला. ‘आम्हाला नोकरी द्या’ एवढाच त्याचा मजकूर नव्हता. परत येऊन काय उभारू, हे त्यात होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभांनी परदेशातल्या जाणकारांकडे या चौघांची चौकशी केली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तारेने होकार कळवला. स्वरूप १९६३ मध्ये परतले. १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या तबकड्यांची पहिली दुर्बीण झाली. त्या तबकड्या सिडनीच्या वेधशाळेत वापरून झालेल्या, भारताला भेट मिळालेल्या. १९७० मध्ये उटीची मोठी दुर्बीण झाली आणि पुढे खोडद. आधीचे काम पुढच्या कामाची साक्ष देत गेले.

खोडदच्या तबकडीकडे जवळून पाहिले तर पोर्टफोलिओतली एक नोंद कशी लिहावी याचा नमुनाच मिळतो. तबकडीचा व्यास ४५ मीटर. एवढ्या आकाराची भरीव पत्र्याची तबकडी केली असती तर वजन आणि वाऱ्याचा जोर पेलायला प्रचंड सांगाडा लागला असता आणि खर्च हाताबाहेर गेला असता. ही झाली अडचण. म्हणून पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी दोरखंडांच्या ताणावर बसवली. तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची. वारा आरपार जातो, पण मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना ती भोके जाणवत नाहीत, त्या परावर्तित होतात. हा झाला निर्णय आणि त्याचे कारण. याची किंमत अशी की फार कमी लांबीच्या लहरींसाठी ही दुर्बीण चालत नाही. ही मर्यादा. आणि त्या बदल्यात अशा ३० तबकड्या उभ्या राहिल्या, १४ मध्यभागी, १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. हा परिणाम.

अडचण, निर्णय, मर्यादा, परिणाम. साध्या कामालाही हे चार रकाने पुरतात. समजा, ओतूरकडची बीएस्सीची एखादी मुलगी कृषी निविष्ठा कंपनीत इंटर्नशिपसाठी अर्ज करते आहे. ‘शेतीची आवड, ठिबक सिंचनाचे ज्ञान’ असे लिहिण्याऐवजी ती लिहिते:

‘घरच्या एक एकर टोमॅटोला ठिबक आहे. शेवटच्या ओळी मागे राहत होत्या. प्रत्येक ओळीत सुरुवातीच्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली डबा ठेवून दहा मिनिटांचे पाणी मोजले. शेवटाला जवळजवळ निम्मेच पाणी येत होते. फिल्टर धुतला, लॅटरलच्या एंड कॅप उघडून नळ्या फ्लश केल्या, पुन्हा मोजले. बहुतेक ओळींतला फरक कमी झाला. चढावरच्या दोन ओळींत पाणी अजून कमी पडते. तिथला दाब मोजायचा आहे.’

सोबत वहीच्या पानाचा फोटो, आधीची आणि नंतरची मापे. यात इंग्रजी नाही, मोठा प्रकल्प नाही, पैसा लागलेला नाही. शेवटचे वाक्य तर अपयशाचेच आहे. पण वाचणाऱ्याला सगळ्यात भरवशाचे तेच वाटते, कारण प्रत्यक्ष मोजलेल्या माणसालाच उरलेली अडचण माहीत असते.

ज्याचे काम त्याचा पुरावा

पोर्टफोलिओ म्हटले की चित्रकार, छायाचित्रकार, वास्तुविशारद डोळ्यांसमोर येतात, आणि आता संगणकवाले. संगणकवाल्यांसाठी गिटहबसारखी जागा आहे. तिथे कोड ठेवता येतो आणि तो कधी, कसा बदलत गेला हेही दिसते. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन आहे, कुरण, बेल्हे, ओतूर परिसरात खासगी महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांतून दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तयार होतात. त्यातले काही शहरातून आयते विकत आणलेले असतात, हे उघड गुपित आहे. आयत्या प्रकल्पाची काळी बांधणी आणि सोनेरी अक्षरे छान दिसतात. ‘हाच सेन्सर का घेतला?’ या पहिल्या प्रश्नाला ती उपयोगी पडत नाहीत.

ज्यांचे काम संगणकावर नसते त्यांचाही पोर्टफोलिओ होतो. वायरमनने बसवलेल्या स्टार्टर पॅनेलचा, आधी गुंता आणि नंतर ओळीत बांधलेल्या तारा, असा फोटो होतो. मंचर, नारायणगावच्या चौकात फ्लेक्स करणारी पोरे रोज डिझाइन करतात. वाढदिवस, दशक्रिया, यात्रा, उद्घाटन. आठवड्याने फ्लेक्स उतरतो आणि गोठ्यावर ताडपत्री म्हणून जातो. त्यातल्या पाच चांगल्या फायली वेगळ्या ठेवल्या, एखादा नमुना ग्राहकाने सांगितला तसा आणि शेजारी स्वतःला सुचला तसा असा मांडला, तर तो पुण्याच्या जाहिरात संस्थेत दाखवण्याजोगा संच होतो.

बी.कॉम.च्या मुलीने सुट्टीत पतसंस्थेत काम केलेले असते. तिच्यापुढे वेगळा पेच असतो, कारण खातेदारांची नावे आणि रकमा बाहेर दाखवायच्या नसतात. अशा वेळी काल्पनिक नावांचे दहा व्यवहार घेऊन टॅलीत नोंदवलेले नमुना हिशेबपुस्तक ठेवावे आणि प्रत्यक्ष कामाबद्दल फक्त स्वरूप सांगावे. कारखान्यातल्या ड्रॉइंगचे, मशीनवरच्या भागांचे फोटो परवानगीशिवाय काढणे तर नोकरी मिळण्याआधीच ती घालवण्याचा मार्ग. गुपित राखता येते, हेसुद्धा पोर्टफोलिओतून दिसणारे कौशल्यच आहे.

२०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका घोषित केले. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र, सगळे एका तालुक्यात. इतिहास किंवा मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्याला ‘आमच्या विषयात दाखवण्यासारखे काय?’ असे वाटते, त्याच्या दारात हे पसरले आहे. लेण्याद्रीला येणारा भाविक गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन खाली उतरतो. ते देऊळ बौद्ध लेण्यात आहे आणि शेजारी चैत्यगृह आहे, हे त्याला समजेल असे दोन पानी माहितीपत्रक लिहिणे, ते दहा पर्यटकांना वाचायला देणे, कुठे अडतात ते पाहून सुधारणे, हा पर्यटन कंपनीला किंवा वृत्तपत्राला दाखवण्याजोगा ऐवज आहे. पहिला आणि तिसरा खर्डा दोन्ही ठेवले तर आणखी चांगले.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याची गोष्ट निराळी. डिंभे धरणाच्या वर, आहुपे, भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी वाड्या-वस्त्यांतून घोडेगावला शिकायला येणाऱ्या मुलांना इंटर्नशिप हा शब्द शहरातला वाटतो. पण हिरडा कधी गोळा होतो, ओला किती, वाळून किती उरतो, व्यापारी कोणत्या प्रतीला काय भाव देतो, याची एका हंगामाची नोंद वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेइतकी मोलाची. याच पट्ट्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. उताराच्या वस्तीत राहणारा स्थापत्यचा विद्यार्थी पावसाळाभर साध्या पर्जन्यमापकाने रोजचा पाऊस मोजत असेल, भेगा आणि झऱ्यांच्या जागा तारीखवार टिपत असेल, तर त्याची ती वही पाणी आणि जमिनीवर काम करणारी कोणतीही संस्था उघडून बघेल.

क्रेट उलटा करून बघतात

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात २० किलोच्या क्रेटची एक जुनी चाल सगळ्यांना माहीत आहे. वरच्या थरात एकसारखा लाल माल, खाली बारका आणि डागी. व्यापारीही कच्चे नसतात. मधूनच एखादा क्रेट उलटा करून बघतात आणि एका क्रेटमुळे सगळ्या गाडीचा भाव पडतो.

मुलाखत घेणारा पोर्टफोलिओचे हेच करतो. सगळा वाचत नाही. मधली एक नोंद उचलतो आणि खणत जातो. म्हणून बारा कामे कोंबण्यापेक्षा तीन ते पाच नीट मांडलेली बरी, आणि प्रत्येक असे की त्यावर अर्धा तास बोलता यावे. सगळ्यात चांगले काम पहिले. दुसऱ्याकडून घेतलेले काही असेल तर तसे स्पष्ट लिहिलेले. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली चकचकीत इंग्रजी वाक्ये हा आता नवा वरचा थर झाला आहे. कागदावर अस्खलित इंग्रजी आणि समोर बसल्यावर दोन वाक्यांत घाम, ही फारकत लगेच दिसते. आधी मराठीत, जसे मित्राला सांगू तसे लिहावे, मग त्याचे साधे, छोट्या वाक्यांचे इंग्रजी करावे. चाकणचा सुपरवायझर ते वाचेल आणि मुलाखतीत तेच बोलताही येईल.

मांडणीचे तंत्र फार नाही. स्वतःची वेबसाइट असली तर ठीक, नसली तरी अडत नाही. आठ-दहा पानांची एक पीडीएफ पुरते, मोबाइलवर न ताणता वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, व्हॉट्सॲपवर पटकन उतरेल एवढ्या आकाराची. पहिल्या पानावर नाव, फोन, ईमेल, काय येते आणि कोणते काम शोधतो आहे, चार ओळींत. पुढे एका कामाला एक किंवा दोन पाने. फोटो दिवसाच्या उजेडात, मागे चपला आणि वाळत घातलेले कपडे नसलेले, आणि वस्तूचा आकार कळावा म्हणून शेजारी पट्टी. फाइलचे नाव ‘न्यू डॉक्युमेंट १७’ नसावे. स्वतःचे नाव आणि कामाचा प्रकार असावा. गूगल ड्राइव्हची लिंक पाठवायची तर ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघावी. ‘परवानगी मागा’ असा संदेश आला की साहेब परवानगी मागत बसत नाहीत, पुढचा अर्ज उघडतात. आणि ईमेलचा पत्ता आठवीत असताना भावाने काढून दिलेला, ‘रॉयल’, ‘किंग’ वगैरे असलेला असेल, तर नवा काढायला पाच मिनिटे लागतात.

दारे उघडी आहेत, नोंद नाही

काम करून बघण्याच्या संधी गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचे, म्हणजे १२० तासांचे, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आले. पदवीच्या नव्या आराखड्यातही ते आहे. २०२४ मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्या मूळ आदेशात सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि बारावी, आयटीआय किंवा पदविका, पदवी अशा पायऱ्यांनी दरमहा ६, ८ आणि १० हजार रुपये विद्यावेतन होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचे पोर्टल उघडले. २१ ते २४ वयाच्या तरुणांना मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम आणि महिन्याला ५ हजार रुपये, अशी तिची तेव्हाची मांडणी होती. घराजवळही ठिकाणे आहेत. खोडदची दुर्बीण चालवणारे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम घेते. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे, मंचरला पराग मिल्क फूड्सचा दूध प्रक्रिया प्रकल्प, दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने.

पण प्रशिक्षण संपते आणि हाती पुन्हा एक प्रमाणपत्र येते, फाइलच्या पुढच्या कप्प्यात जाणारे. ग्रामपंचायतीत सहा महिने बसलेल्या प्रशिक्षणार्थ्याने घरपट्टीच्या किती नोंदी संगणकात चढवल्या, कुठे दुबार नावे सापडली, ती कशी जुळवली, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नसते आणि दोन वर्षांनी त्यालाही आठवत नाही. म्हणून पोर्टफोलिओची खरी सुरुवात पीडीएफपासून होत नाही. ती दर शनिवारी वहीत लिहिलेल्या तीन ओळींपासून होते. या आठवड्यात काय केले, कुठे अडले, कोणी सोडवले. सहा महिन्यांत अशी पंचवीसेक पाने होतात. त्यातून तीन कामे निवडणे ही मग एका रविवारची गोष्ट.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त जीएमआरटीचा परिसर लोकांसाठी खुला होतो आणि शाळा-कॉलेजांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन भरते. पोरे टेम्पोतून मॉडेल सांभाळत आणतात, येणाऱ्या प्रत्येकाला तेच पुन्हा पुन्हा समजावून सांगत घसा बसवून घेतात. आलेल्या आजोबांनी विचारलेला एखादा प्रश्न सरांनाही सुचलेला नसतो. परतल्यावर थर्माकोलचा बंधारा प्रयोगशाळेच्या माळ्यावर जातो आणि त्यातली मोटार पुढच्या वर्षीच्या पवनचक्कीला लागते.

खोडदला एक अडचण मात्र आहे. मोबाइलच्या लहरींनी दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येतो, म्हणून दुर्बिणीच्या परिसरात फोन बंद ठेवायला सांगतात. तेव्हा मॉडेलचा फोटो आदल्या दिवशीच काढायचा, शाळेच्या पटांगणात, ऊन कलायच्या आत, शेजारी पट्टी ठेवून. आणि खिशात वही-पेन असू द्यायचे, आजोबांचा प्रश्न लिहून घ्यायला.